अक्खरिका : अक्षरशिक्षण आणि खेळ यांचा एक जुना संबंध

प्राचीन भारतात मुलांना लिहावयास कसे शिकवीत असत, हे जाणू इच्छिणाऱ्या अभ्यासकाच्या हाती फारच थोडी साधने लागतात. राजाज्ञांचे शिलालेख आहेत, दानलेख आहेत, व्याकरणाची शास्त्रे आहेत. परंतु बालकाच्या हाती प्रथम पाटी दिली गेली त्या दिवसाची नोंद ठेवण्याची गरज कोणास भासली नाही. नित्याच्या गोष्टी कोणी लिहून ठेवत नाही. त्या पुष्कळदा निषेधांच्या याद्यांत सापडतात, कारण अमुक करू नये असे सांगणारा नियम हा ते कोणीतरी करीत होते याचा साक्षीदार असतो. या दृष्टीने पालि विनय व सुत्तसाहित्य हे भारतीय समाजजीवनाचे मोठेच भांडार आहे. त्यातील 'अक्खरिका' या एका शब्दाचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावा, लेखन शिकण्यात खेळाचे स्थान काय होते आणि त्या खेळात कोणाला स्थान होते हे पाहावे, असा आमचा हेतू आहे.

ब्रह्मजालातील यादी

दीघनिकायाचे पहिले सुत्त ब्रह्मजाल. राजगृह व नालंदा यांच्या दरम्यानच्या मार्गावर परिव्राजक सुप्पिय बुद्धाची निंदा करीत चालला होता व त्याचाच शिष्य ब्रह्मदत्त स्तुती करीत होता, हे त्या सुत्ताचे निमित्त. सामान्य जन तथागताची स्तुती करतात ती शीलासारख्या अल्प गोष्टींवरून, असे सांगून भगवान त्या शीलांची गणना करतात. त्यातील मध्यम शीलांच्या विभागात, लोकांनी श्रद्धेने दिलेल्या अन्नावर जगणारे काही श्रमण-ब्राह्मण कोणकोणत्या खेळांत वेळ दवडतात त्यांची यादी येते. श्रमण गोतम अशा खेळांपासून अलिप्त आहे, असे तेथे म्हटले आहे.

या यादीत एकोणीस नावे आहेत. आठ व दहा घरांच्या पटांवरील खेळ, तोच पट मनात कल्पून खेळायचा 'आकास', जमिनीवर वाटांची मंडले आखून ती चुकवीत चालण्याचा 'परिहारपथ', फासे, पानांच्या पिपाण्या, खेळण्यातला नांगर, कोलांट्या, ताडपत्राची भिंगरी, पानांची मापे, लहान रथ, लहान धनुष्य अशी ती यादी आहे. त्यात 'घटिका' नावाचा खेळ आहे. लांब दांड्याने आखूड दांडी उडवण्याचा खेळ असा त्याचा खुलासा अट्ठकथेत केलेला असल्याने मराठी वाचकाला त्यात आपला विटीदांडू ओळखू यावा. याच यादीच्या अखेरीस 'अक्खरिका', 'मनेसिका' व 'यथावज्ज' ही तीन नावे लागोपाठ येतात.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात बसून आचार्य बुद्धघोषांनी 'सुमंगलविलासिनी' ही दीघनिकायाची अट्ठकथा रचली. तीत अक्खरिकेचा अर्थ सांगितला आहे तो असा : आकाशात किंवा पाठीवर काढलेले अक्षर ओळखण्याचा खेळ. मनेसिका म्हणजे दुसऱ्याच्या मनातले ओळखणे. यथावज्ज म्हणजे आंधळा, पांगळा, कुबडा यांच्या व्यंगांची नक्कल करून दाखवणे. यादीतील 'सलाकहत्थ' हा खेळही आमच्या विषयाच्या जवळचा आहे. लाखेच्या वा मंजिष्ठेच्या रंगात किंवा पिठाच्या पाण्यात भिजवलेल्या हाताचा वा शलाकेचा ठसा जमिनीवर अथवा भिंतीवर उमटवायचा, काय काढू असे विचारायचे आणि त्यातून हत्ती-घोड्यांची रूपे काढून दाखवायची, असे त्याचे स्वरूप होते. रेषेतून आकृती ओळखणे आणि रेषेतून अक्षर ओळखणे ही दोन्ही कौतुके एकाच यादीत नोंदलेली आहेत.

अनुमानाच्या मर्यादा

या शब्दाकडे विद्वानांचे लक्ष पूर्वीच गेलेले आहे. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्धिस्ट इंडिया' या ग्रंथात, भारतातील लेखनाच्या प्राचीनतेचा एक पुरावा म्हणून अक्खरिकेचा उल्लेख केला. अक्षरांचा खेळ मुले खेळतात आणि त्याला अक्षरांवरूनच नाव पडते, याचा अर्थ लेखन त्या काळी समाजात बरेच रुळलेले असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. तो आजही उद्धृत केला जातो. तथापि त्याचे दोन भाग वेगळे करून पाहिले पाहिजेत.

पहिला भाग काळाचा. ब्रह्मजालातील यादी भगवान बुद्धांच्या हयातीतील आहे असे गृहीत धरले, तरच तिच्यावरून त्या काळच्या लेखनाविषयी बोलता येईल. तिपिटक ग्रंथारूढ झाले ते सिंहलद्वीपात, इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळी. तोवर ते मुखपरंपरेने चालत आले होते. सुस्पष्टपणे वाचता येणारे आणि निश्चित काळाचे मोठे भारतीय लेख आपणास सम्राट अशोकापासून, म्हणजे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकापासून मिळतात. ऑस्कर फॉन हिन्यूबर व हॅरी फाल्क यांनी १९९०च्या सुमारास, ब्राह्मी लिपीचा उगम मौर्यकाळाच्या फार मागे नेता येत नाही, असा पक्ष मांडला. उलट अनुराधपूरच्या उत्खननात सापडलेल्या खापरांवरील ब्राह्मी अक्षरे अशोकापूर्वीची आहेत असे उत्खननकर्त्यांचे प्रतिपादन आहे. वाद मिटलेला नाही. म्हणून अक्खरिकेवरून बुद्धकालीन लेखन सिद्ध करण्याच्या भरीस आम्ही पडत नाही.

दुसरा भाग मुलांचा. हा खेळ मुलांचा होता, असे ब्रह्मजालात म्हटलेले नाही. तेथे तो प्रौढ श्रमण-ब्राह्मणांच्या संदर्भात आला आहे. विनयपिटकात कीटागिरीच्या अस्सजि व पुनब्बसुक या उच्छृंखल भिक्खूंची व त्यांच्या अनुयायांची कथा आहे, त्यांच्या खेळांतही अक्खरिका आहे. मज्झिमनिकायाच्या महातण्हासंखय सुत्तात वाढत्या बालकाची खेळणी सांगितली आहेत. तेथे नांगर, विटीदांडू, भिंगरी, रथ, धनुष्य ही सारी आहेत, पण अक्खरिका नाही. ही अनुपस्थिती सूचक आहे, असे आम्हांस वाटते. नांगर वा भिंगरी यांच्याशी खेळण्यासाठी काहीच शिकावे लागत नाही. अक्खरिकेसाठी अक्षर यावे लागते, म्हणून तो अजाण बालकाचा खेळ असू शकत नाही. ज्याचे शिकणे सुरू झाले आहे किंवा जो शिकून मोकळा झाला आहे, अशाचाच तो खेळ. ऱ्हिस डेव्हिड्स यांचे अनुमान असे किंचित दुरुस्त केले, म्हणजे ते टिकाऊ होते.

दुखणारी बोटे

लेखन शिकण्याचे दुसरे चित्र विनयाच्या महावग्गात आहे. राजगृहात सतरा मुलांचा एक मेळा होता आणि उपालि हा मुलगा त्यांचा म्होरक्या होता. हा उपालि म्हणजे पुढे विनयधर म्हणून प्रसिद्ध झालेला उपालि नव्हे. आपल्यामागे याचे सुखाने कसे चालेल, या चिंतेने त्याचे आईबाप विचार करतात. लेखन शिकवावे तर याची बोटे दुखतील. गणन शिकवावे तर छाती दुखेल. 'रूप' शिकवावे तर डोळे दुखतील. तेव्हा शाक्यपुत्रीय श्रमणांत याने प्रव्रज्या घ्यावी, म्हणजे खाऊनपिऊन स्वस्थ राहील, असे ते ठरवतात. मुलगा हे ऐकतो, सवंगड्यांना सांगतो आणि सतराही जण भिक्खू होतात. पहाटे उठून ती मुले पेजेसाठी रडू लागतात. तो आवाज भगवंतांच्या कानी जातो, आणि वीस वर्षांखालील कोणासही उपसंपदा देऊ नये, असा नियम होतो.

ही कथा उपसंपदेच्या वयोमर्यादेसाठी सांगितलेली आहे. परंतु ती सांगताना त्या काळच्या शिक्षणाचे एक प्रामाणिक वर्णन आईबापांच्या तोंडून सहज निसटले आहे. लेखन म्हणजे बोटांचे दुखणे. पाटीवर तेच अक्षर पुन्हापुन्हा काढायचे, हीच अक्षरशिक्षणाची रूढ पद्धती असणार. हरियाणातील सुघ येथे, म्हणजे युआन श्वांगने वर्णिलेल्या प्राचीन स्रुघ्नात, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराची एक मातीची मूर्ती सापडली आहे. मांडीवर पाटी घेतलेले ते मूल आहे आणि पाटीवर ब्राह्मीतील स्वरमालिका पुन्हापुन्हा लिहिलेली आहे. बहादुरचंद छाबडा यांनी तिचा अभ्यास प्रसिद्ध करताना तिला बाराखडीची मूर्ती म्हटले. उपालिच्या आईबापांना कसली धास्ती वाटत होती, ते या पाटीकडे पाहून कळते.

खेळ आणि लेखन हे आयुष्याचे दोन वेगळे काळ मानण्याची वृत्तीही जुनीच आहे. भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीतील हाथीगुंफेत कलिंगराज खारवेलाचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात राजाने प्रथम पंधरा वर्षे कुमारक्रीडा केल्या व त्यानंतर लेख, रूप, गणना, व्यवहार आणि विधी यांत तो निष्णात झाला, असा क्रम दिला आहे. उपालिच्या आईबापांनी मोजलेल्या तीन विद्या येथे तशाच येतात. राजपुत्राचा खेळ संपला, मग लेखन सुरू झाले, अशी ही मांडणी आहे. अक्खरिका मात्र या दोन कप्प्यांपैकी कोणत्याच कप्प्यात बसत नाही. तिच्यात खेळ चालू असतो आणि त्याच वेळी लेखनही चालू असते.

खेळात नेमके काय घडते

या खेळाची घडण लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. पुढील विवेचन आमचे आहे, अट्ठकथेचे नव्हे.

अशोककालीन ब्राह्मी अक्षरे रेषांनी अत्यंत सुटसुटीत आहेत. 'क' म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा, 'ब' म्हणजे चौकोन, 'ठ' म्हणजे वर्तुळ, 'थ' म्हणजे मध्ये बिंदू असलेले वर्तुळ. अशी अक्षरे बोटाने पाठीवर काढण्यास सोपी आणि स्पर्शाने ओळखण्यास शक्य असतात. 'ठ' व 'थ' यांतला फरक पाठीवर टेकलेल्या एका बोटाचा. 'प', 'ह' व 'ल' यांची वळणे मात्र परस्परांच्या इतकी जवळ आहेत की, काढणाऱ्याने आळस केला तर ओळखणारा हटकून फसेल.

पाटीवर गिरवणाऱ्या मुलाच्या अक्षराला वाचक नसतो. गुरुजी ते पाहतात ते चूक काढण्यासाठी. पाठीवर अक्षर काढणाऱ्याला मात्र तत्काळ एक वाचक लाभतो. त्याला ते अक्षर कळले तरच खेळ पुढे सरकतो. म्हणून काढणारा आपण होऊन सावकाश काढतो, प्रमाण सांभाळतो, रेषांचा क्रम पाळतो. आणि ओळखणारा डोळ्यांची मदत नसताना त्या रेषा मनात जुळवून अक्षर उभे करतो. मग पाळी बदलते, आता जो वाचक होता तो लेखक होतो. चूक झाली तर हसे होते आणि डाव पुन्हा मांडला जातो, छडी बसत नाही. आम्ही लिहितो ते कोणीतरी वाचावे म्हणून, ही लेखनाची मूळ गोष्ट शेकडो वेळा गिरवूनही जी ध्यानी येत नाही, ती या खेळात पहिल्याच डावाला कळते.

ही गिरवण्याची निंदा आहे, असे कोणी समजू नये. मिलिंदपञ्हात स्मृती कोणकोणत्या प्रकारांनी उत्पन्न होते, याची चर्चा आहे. तेथे स्थविर नागसेन एक प्रकार सांगतात तो लिपीच्या शिक्षणाचा. लिपी शिकलेल्याला अमुक अक्षरानंतर अमुक अक्षर काढावयाचे, हे आठवते. ही आठवण हाताला सरावानेच होते. खेळ सरावाची जागा घेत नाही. सराव कशासाठी करायचा, हे तो सांगतो.

मग भगवंतांनी अक्खरिका वर्ज्य का मानली, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर यादीच्या आरंभीच आहे. लोकांनी श्रद्धेने दिलेले अन्न खाऊन खेळांत काळ घालवणे, हा तेथील दोष आहे. तो नियम प्रव्रजितांचा आहे, गृहस्थांच्या मुलांचा नव्हे. लेखनाविषयी अनादर तर त्यात मुळीच नाही. भिक्खुनी विभंगात भिक्खुनींनी लौकिक विद्या शिकू नयेत, असा नियम आहे. परंतु लेखन शिकणाऱ्या भिक्खुनीला दोष लागत नाही, असा स्पष्ट अपवाद त्याच नियमाखाली नोंदला आहे. स्त्रीच्या हाती लेखणी असणे ज्या देशात पुढे दीर्घकाळ अमंगल मानले गेले, त्या देशात हा अपवाद कोरून ठेवावा इतका मोलाचा आहे.

खेळ म्हणजे सर्व काही चांगलेच, असेही नाही. अक्खरिकेपासून एकच नाव सोडून पुढे यथावज्ज आहे, त्यात दुसऱ्याच्या व्यंगाची नक्कल करून करमणूक केली जाते. खेळ समानांचा असू शकतो, तसाच तो एखाद्याला हीन लेखणाराही असू शकतो. कोणाला सवंगडी म्हणून घेतले आहे आणि कोणाला हसण्याचा विषय केले आहे, हे प्रत्येक खेळाबाबत विचारले पाहिजे.

कटाहकाची पाटी

हा प्रश्न जातकांतील एका कथेत लख्ख दिसतो. जातकट्ठकथेतील १२५ वे जातक कटाहकाचे. वाराणसीच्या एका श्रेष्ठीला पुत्र झाला, त्याच दिवशी त्याच्या दासीलाही पुत्र झाला. दोघे एकत्र वाढले. श्रेष्ठिपुत्र लेखन शिकू लागला तेव्हा दासीपुत्र कटाहक त्याची पाटी वाहून नेत असे. आणि पाटी वाहता वाहता तोही लिहावयास शिकला. पुढे तो बोलण्यात चतुर, रूपाने देखणा निघाला व श्रेष्ठीच्या भांडाराची व्यवस्था पाहू लागला. पण त्याच्या मनात भय होते की, लहानशा अपराधासाठी आपणास मार बसेल, डाग दिला जाईल आणि दासाचे जिणे जगावे लागेल. म्हणून त्याने श्रेष्ठीच्या नावाने एक पत्र लिहिले, त्यावर मुद्रा उठवली, सीमाप्रांतातील दुसऱ्या श्रेष्ठीकडे स्वतःच ते नेले आणि आपण श्रेष्ठिपुत्र आहोत असे भासवून त्याच्या कन्येशी विवाह केला.

कथेचा रोख कटाहकाच्या बढाईखोरीवर आहे. सासरच्या अन्नवस्त्राला तो नावे ठेवीत असे, म्हणून त्याला जागेवर आणले जाते. श्रेष्ठी म्हणजे त्या जन्मीचे बोधिसत्त्व; ते त्याचे बिंग फोडत नाहीत, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट कथाकाराने एका वाक्यात उरकली आहे. कटाहकाला कोणी शिकवले नाही. त्याला शिकवावे असे कोणाच्या मनातही नव्हते. तो पाटीजवळ होता, बरोबरीच्या मुलाच्या संगतीत होता, एवढ्यानेच अक्षर त्याच्यापर्यंत पोहोचले. शिक्षणाला अधिकार विचारला जातो. सोबतीने शिकण्याला तो विचारता येत नाही, कारण ते शिकणे चालू आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

अर्थात त्यासाठी जवळ असावे लागते. दास घरात होता, म्हणून पाटी त्याच्या हाती आली. ज्यांना घरात, अंगणात व शाळेत प्रवेशच नव्हता, त्यांचे काय, हा प्रश्न जातककथेच्या पलीकडचा आहे. तो आपल्या भूमीत आपणास विचारावा लागतो.

लिपिशाळेपासून ओनाम्यापर्यंत

बौद्ध संस्कृत साहित्यात अक्षरशिक्षणाचे वर्णन ललितविस्तराच्या लिपिशाला परिवर्तात आहे. या ग्रंथाचे एक रूप धर्मरक्षाने इ. स. ३०८ मध्ये चिनी भाषेत आणले होते. बालक बोधिसत्त्व चंदनाची पाटी घेऊन आचार्य विश्वामित्रांकडे जातो आणि ब्राह्मी, खरोष्ठी यांपासून चौसष्ट लिपींची नावे घेऊन, यांतील कोणती शिकवणार असे आचार्यांनाच विचारतो. पुढे असंख्य मुले मातृका म्हणू लागतात आणि प्रत्येक अक्षरासरशी त्या अक्षराने आरंभ होणारे एक धम्मवचन उमटते. 'अ' उच्चारताच अनित्यतेचे वचन ऐकू येते. ग्रंथकाराच्या दृष्टीने हा बोधिसत्त्वाचा प्रभाव आहे. शिक्षकाच्या दृष्टीने ती अक्षराला शब्द जोडण्याची युक्ती आहे. गंधार देशातील अरपचन वर्णमालेतही हीच युक्ती दिसते. तिचे प्रत्येक अक्षर एका धम्मसंज्ञेचे स्मरण देते.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात करविलेल्या त्या विहारात, बोधिसत्त्वाच्या शाळेचे हे दृश्य रंगवलेले आहे. आज ते पुष्कळ झिजलेले असले, तरी महाराष्ट्राच्या भूमीवर काढलेले शाळेचे इतके जुने चित्र आहे, ही गोष्ट आमच्या शिक्षणेतिहासात यावी तितकी येत नाही.

सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंगने नोंदले आहे की, मुलांचे शिक्षण सिद्धम् नावाच्या पाठाने सुरू होते. सहाव्या वर्षी मूल तो हाती घेते व सहा महिन्यांत संपवते. त्यात एकोणपन्नास वर्ण असून त्यांच्या जोडण्यांनी दहा हजारांहून अधिक अक्षरे होतात. 'सिधं' हा शब्द नाशिकच्या लेण्यांतील लेखांच्या आरंभी कोरलेला आहे. मराठीत कोणत्याही कामाच्या प्रारंभाला 'ओनामा' म्हणतात. तो 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलवाक्याचा लोकांच्या जिभेवर घडलेला अवशेष आहे. हे मंगलवाक्य एकाच परंपरेचे नाही, जैनांनीही ते जपले आहे. तथापि शाळेच्या धुळपाटीवर मुलाने काढलेले पहिले शब्द श्रमणपरंपरांच्या ओळखीचे होते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

पाठ आणि स्पर्श

येथे आम्ही लेखाच्या मुख्य मुद्द्याशी येतो. अक्खरिकेला पाटी लागत नाही, लेखणी लागत नाही, धूळसुद्धा लागत नाही. इतके स्वस्त शिक्षणसाधन दुसरे नाही. तिला एकच गोष्ट लागते, आणि ती म्हणजे ज्याच्या पाठीला बोट लावायला आपली हरकत नाही असा दुसरा माणूस.

पंतोजींच्या शाळांत धुळाक्षरे गिरवणारी मुले होती, पण त्यांत महार, मांग, चांभार यांची मुले नव्हती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढील काही वर्षांत अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलामुलींसाठीही शाळा चालवल्या. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. ज्या समाजाला अक्षर नव्हते त्यातील मुलीने लिहिले आणि ते वाचणारा वर्ग तिला लाभला. लेखन ही दोन माणसांमधली गोष्ट आहे, हे अक्खरिकेचे तत्त्व येथे इतिहासात उतरलेले दिसते.

सरकारी शाळांची दारे पुढे कायद्याने उघडली, तरी शाळेच्या आतले अंतर मिटले नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०० साली साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी लिहिले आहे की, त्यांना वर्गात एका कोपऱ्यात, गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. कटाहक दुसऱ्याची पाटी वाहत होता. भीमरावांना स्वतःचे आसन वाहावे लागले. कटाहक दास होता, पण त्याच्या खांद्याला खांदा लागत होता. साताऱ्याच्या वर्गातील मुलाच्या पाठीवर मात्र अक्षर काढावयास एकही बोट पुढे आले नसते.

अस्पृश्यतेने शिक्षण नाकारले, हे सर्वश्रुत आहे. तिने खेळही नाकारला आणि खेळातून जे विनासायास येते तेही नाकारले, याची नोंद क्वचितच होते. परिणामी पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्यांच्या वाट्याला अक्षराचा कष्टाचा भागच तेवढा आला. त्यांची बोटे दुखली, आणि ते दुखणे हलके करणारा सवंगडी त्यांना मिळाला नाही. तरीही त्यांनी अक्षर मिळवले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादेत पुढे मिलिंद या नावाने ख्यात झालेले महाविद्यालय, ही त्या मिळवण्याचीच पुढची पावले होत. सिद्धार्थ हे लिपिशाळेत गेलेल्या बालकाचे नाव आणि मिलिंद हे प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव आहे, हेही विसरू नये.

समारोप

आजच्या विहारांतून मुलांसाठी रविवारचे वर्ग चालतात. तेथे वंदना पाठ करून घेतली जाते, पालि शब्दांचे अर्थ सांगितले जातात, काही ठिकाणी धम्मलिपी म्हणून अशोककालीन ब्राह्मीही शिकवली जाते. या वर्गांत वर्णमाला फळ्यावरून उतरवून घेण्याचीच पद्धत बहुधा दिसते. ती आवश्यक आहे. तिच्या जोडीला दहा मिनिटे अक्खरिका ठेवावी, असे आम्ही सुचवतो. दोन-दोन मुलांच्या जोड्या कराव्यात; एकाने पाठीवर अक्षर काढावे, दुसऱ्याने ओळखावे, मग पाळी बदलावी. प्रथम 'क', 'ब', 'ठ', 'थ' अशी सोपी अक्षरे घ्यावीत, मग 'प', 'ह', 'ल' यांच्याकडे वळावे. जोड्या ठरवताना नेहमीचीच मुले नेहमीच्याच मुलांबरोबर राहणार नाहीत, याकडे शिक्षकाने लक्ष द्यावे. मुले लेणी पाहावयास कार्ले, भाजे, कान्हेरी येथे जातील तेव्हा भिंतीवरील अक्षरे त्यांना परकी वाटणार नाहीत, कारण ती त्यांनी आधी एकमेकांच्या पाठीवर वाचलेली असतील.

भिक्खूंना वर्ज्य असलेला खेळ विहारात खेळवावा काय, अशी शंका कोणी घेईल. नियम प्रव्रजितांसाठी आहे, वर्ग गृहस्थांच्या मुलांचा आहे, हे वर स्पष्ट केलेच आहे. राजगृहाच्या त्या सतरा मुलांना पहाटेच्या भुकेने रडताना ऐकून भगवंतांनी मुलांना दोष दिला नाही. मुलांवर मोठ्यांचे ओझे घालणाऱ्यांना नियम घालून दिला. मुलांना मूल राहू देऊन अक्षर द्यावे, हाच त्या नियमाचा भाव आम्ही मानतो.